आधी ओळख, मग टाकी

कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या खोऱ्यात बोटभर लांबीचा एक मासा राहतो. फिकट पिवळसर अंगावर बारीक, तिरपे, चॉकलेटी पट्टे, तोंडाशी आखूड मिशा आणि दिवसा दगडाच्या फटीत शिरून बसायची सवय. मासे पाळणाऱ्यांच्या जगात तो ‘झेब्रा लोच’ म्हणून ओळखला जातो. शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतल्या, शिवमोग्याकडच्या नमुन्यांवरून त्याचे पहिले वर्णन केले. हेच नारायण राव पुढे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले. तुंगा काय किंवा पंचगंगा काय, दोन्हींचे पाणी शेवटी कृष्णेलाच जाते, आणि हा मासाही मुख्यतः कृष्णा खोऱ्याचाच. आज तो आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, आणि तरीही मत्स्यालयाच्या दुकानात तो सहज विकत मिळतो. या एका माशात या पुस्तकाचे जवळजवळ सगळे प्रश्न आलेले आहेत.

आपल्याकडचा रिवाज असा, की दुकानात मासा आवडला, पिशवीत घातला, घरी आणून टाकीत सोडला, आणि मग कधीतरी त्याचे नाव शोधले. लोचच्या बाबतीत हा क्रम उलटा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. लोच या एका शब्दाखाली दोन इंचांवर वाढ थांबणारे आणि फूटभर वाढणारे, गार धबधब्यातले आणि कोमट दलदलीतले, कळपाने राहणारे आणि शेजाऱ्याचे पर कुरतडणारे असे सगळेच मासे येतात. आपल्यासमोर नेमका कोणता मासा आहे हे कळले, की टाकी केवढी हवी, पाणी किती गार हवे, सोबतीला कोण चालेल आणि तळाला काय घालायचे यांतल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांचा निकाल लागतो. म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग ओळखीला दिला आहे. फिल्टर आणि दिवे यांच्या आधी मिशा, काटे आणि शेपट्या आल्या आहेत.

लोच हे रोहू-कटल्याच्या गणातले मासे. मॉरिस कोटेला या स्विस मत्स्यतज्ज्ञाने २०१२ मध्ये जगभरच्या लोचची सूची प्रसिद्ध केली, तिच्यात हजाराहून अधिक जाती आहेत. एवढ्या सगळ्यांची ओळख एका पुस्तकात होणार नाही आणि त्याची गरजही नाही. घरच्या टाक्यांमध्ये जे येतात ते मोजक्या घराण्यांतले. पहिले घराणे बोटियांचे: अंग दोन्ही बाजूंनी चपटे, पाठ थोडी उंच, शेपटी खोल दुभंगलेली, रंग ठळक. झेब्रा, योयो, क्लाऊन हे सगळे यातले. दुसरे काटेरी लोचचे, ज्यात सापासारखा लांबट कुहली आणि आपल्या ओढ्यांच्या वाळूत अर्धे अंग पुरून बसणारा लेपिडोसेफॅलिक्थिस येतो. तिसरे नदी-ओढ्यांतल्या गोल, बुटक्या अंगाच्या लोचचे, म्हणजे स्किस्टुरा आणि त्याचे भाऊबंद. यांच्या अंगावर आडवे पट्टे असतात आणि शेपटीच्या मुळाशी बहुधा एक काळी उभी रेघ. चौथा गट डोंगरी प्रवाहातल्या चपट्या लोचचा. पोट सपाट, छातीचे आणि पोटाचे पर पंख्यासारखे पसरलेले. हे मासे घोरपडीसारखे खडकाला चिकटून राहतात.

पहिल्या दोन घराण्यांना नंतरच्या दोघांपासून वेगळे करणारी एक खूण आहे. तिची माहिती प्रत्येक लोच पाळणाऱ्याला, आणि खरे तर विकणाऱ्यालाही हवी. बोटिया आणि काटेरी लोच यांच्या डोळ्याच्या खाली किंवा किंचित पुढे एका खाचेत काटा दडलेला असतो, बहुतेकांत तो टोकाला दुभंगलेला. एरवी तो दिसतच नाही. गालावर एक बारीक चीर दिसते, एवढेच. मासा घाबरला की तो काटा बाहेर काढतो आणि तिथेच अडकवून ठेवतो. सहा इंचांचा क्लाऊन लोच जाळीत धरला, की हा काटा जाळीच्या धाग्यात गुंतलेला दिसतो. मासा झटके देतो, प्रत्येक झटक्यासरशी धागा डोळ्याच्या कडेशी ओढला जातो, आणि घाईने सोडवायला गेले तर कातडी फाटते. अशा वेळी जाळी पाण्यातच सैल धरावी आणि मासा काटा मिटेपर्यंत थांबावे. नाहीच सुटला तर जाळीचे दोन धागे कातरावेत. माशापेक्षा जाळी स्वस्त असते. मोठे लोच पकडायला मी जाळी वापरतच नाही. प्लास्टिकचा रुंद डबा पाण्यात आडवा धरून मासा त्यात हाकलणे केव्हाही सोयीचे. याच काट्यामुळे दुकानातून आणताना पिशवी दुहेरी घ्यावी लागते. स्किस्टुरा आणि प्रवाहातले चपटे लोच यांना हा काटा नसतो, त्यामुळे गालावरची चीर आहे की नाही एवढ्यावरूनच निम्मी ओळख पटते.

उरलेली निम्मी अवघड असते, आणि त्यात दुकानातल्या नावांनी भर घातली आहे. योयो लोचचे उदाहरण घ्या. कोवळ्या वयात त्याच्या कुशीवर इंग्रजी वाय आणि ओ अशी अक्षरे एकाआड एक काढल्यासारखी नक्षी असते, म्हणून हे नाव. वर्षानुवर्षे तो बोटिया लोहाचाटा या नावाने विकला गेला. प्रत्यक्षात बाजारात येणारे बहुतेक मासे बोटिया अल्मोरेचे असतात, म्हणजे १८३१ मध्ये ग्रे याने अल्मोड्याच्या नावावरून नोंदलेल्या जातीचे. दोन्ही गंगेच्या खोऱ्यातले. मासा वाढत गेला की पट्टे तुटतात, फाटे फुटतात, जाळे होते, आणि दीड इंचाच्या पिल्लावरून केलेली ओळख चार इंचांच्या माशाला लागू पडेनाशी होते. म्हणून या पुस्तकात शक्य तिथे एकाच जातीची पिल्लू आणि प्रौढ अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली आहेत. आसाम-बंगालचा बोटिया डारिओ मात्र कुणालाही ओळखता यावा असा: सोनेरी अंगावर रुंद, जवळजवळ उभे, गडद पट्टे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टनने १८२२ च्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. बंगालीत त्याला राणी मासाच म्हणतात, आणि तो त्या नावाला शोभतो.

कधी कधी बाजार शास्त्राच्या पुढे धावतो. ठिपक्या-ठिपक्यांचा एक देखणा बोटिया थायलंडमार्गे दुकानांत पोचला आणि लोकांनी पाळायला सुरुवात केली, तेव्हा त्याला शास्त्रीय नावच नव्हते. कोटेलांनी २००४ मध्ये म्यानमारच्या अतरान नदीच्या खोऱ्यातली नवी जात म्हणून त्याचे वर्णन केले आणि नाव दिले बोटिया कुबोटाई. उलट बाजूची फसवणूकही चालते. निळसर अंगाचा, लाल शेपटीचा यासुहिकोटाकिया मोडेस्टा हा मेकाँगकडचा मासा. त्याच्या पिल्लांना कृत्रिम रंग देऊन विकण्याची चाल आहे. रंग काही महिन्यांत उतरतो, आणि रंगवताना मासा जे सोसतो ते मागे राहते. भडक निळा, जांभळा किंवा हिरवा लोच दिसला तर त्या दुकानातून काहीही घेऊ नये. शेवाळ खाणारा लोच म्हणून जो सोनेरी किंवा करड्या रंगाचा, काचेला तोंडाने चिकटणारा मासा सर्रास दिला जातो, तो लोच नव्हेच. तो गायरिनोकेलस. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडू लागतो, आणि चांगला फूटभर वाढू शकतो.

ओळखीचे हे काम आपल्या दारातही संपलेले नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतल्या विल्यम हेन्री साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. अनेक माशांना त्याने इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. त्यांत दोन लोच आहेत. पुढे फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या एका लहानशा लोचला कर्नल एव्हेझार्डचे नाव दिले. इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी हा तो मासा. सह्याद्रीच्या ओढ्यांत सगळीकडे दिसणारा हा एकच मासा आहे, असे दीड शतकाच्या आसपास धरून चालले होते. २०२१ मध्ये पुण्यात आणि प्रागमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी वेगवेगळ्या खोऱ्यांतले नमुने शरीररचना आणि जनुके या दोन्ही अंगांनी तपासले, आणि या एका नावाखालून पाच नव्या जाती बाहेर निघाल्या. एकीचे नाव कळसूबाईवरून, एकीचे राधानगरीवरून आणि एकीचे पुण्याचे मत्स्यशास्त्रज्ञ नीलेश डहाणूकर यांच्यावरून ठेवले आहे. कळसूबाईला चढणाऱ्या किती जणांनी वाटेतल्या ओढ्यात हात घालून हे मासे पळवले असतील! एव्हेझार्डीचाच म्हणून ओळखला जाणारा एक भाऊबंद छत्तीसगडच्या कोटुमसर गुहेत काळोखात राहतो. तिथे त्याचे डोळे आणि रंग दोन्ही ओसरत गेले आहेत.

कुहली म्हटले की लोकांना जावा-सुमात्रा आठवते, पण त्याच पँजिओ वंशाची एक जात गोव्याच्या नावाची आहे. राज टिळक यांनी १९७२ मध्ये वर्णन केलेली पँजिओ गोवाएन्सिस. तिच्या अंगावर दुकानी कुहलीसारखे काळे-केशरी पट्टे नाहीत, म्हणून व्यापारात तिला मागणी नाही. माझ्या मते हे तिचे सुदैवच. केरळमध्ये तर २०१९ मध्ये पँजिओ भुजिया नावाची जात नोंदली गेली. जमिनीखालच्या पाण्यात राहणारी, विहिरीत सापडलेली, लालसर, पाठीवरचा पर नसलेली. खाण्याच्या भुजियाशी असलेल्या साम्यावरून शास्त्रज्ञांनी हे नाव दिले. कृष्णेतून २०१२ मध्ये बालिटोरा लॅटिकॉडा हा प्रवाहात राहणारा लोच जगापुढे आला. हे सगळे इथे सांगण्याचे कारण असे, की लोच पाळणारा माणूस माशाकडे रोज, जवळून आणि वर्षानुवर्षे पाहत असतो. अशा पाहण्याला आपल्या भागात अजून पुष्कळ काम आहे.

प्रवाहातल्या या चपट्या लोचचा विषय निघाला की सुंदरलाल होरा यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षणातल्या या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये धबधब्यांच्या पाण्यात राहणाऱ्या जीवांवर एक मोठा निबंध लिहिला: वेगाचे पाणी अंगावरून निसटावे म्हणून शरीर कसे चपटे होते, पर कसे पसरतात, पोटाकडची बाजू खडकाला कशी बिलगते. पूर्व हिमालय आणि मलाया इथल्या माशांचे नातेवाईक सह्याद्रीत कसे पोचले, या प्रश्नावर त्यांनी पुढे सातपुड्याच्या मार्गाचा सिद्धान्त मांडला. विंध्य-सातपुड्याची रांग हा या डोंगरी माशांचा प्रवासाचा पूल होता, असे त्यांचे म्हणणे. नंतरच्या भूशास्त्रीय आणि जनुकीय पुराव्यांनी त्यावर बरेच प्रश्न उभे केले, पण प्रश्न विचारायला लावणारे मासे लोचच होते. आज टाकीत सेवेलिया पाळणाऱ्याला होरांचा निबंध सरळ उपयोगी पडतो. व्हिएतनामचा हा जाळीदार नक्षीचा मासा २० ते २४ अंश सेल्सिअसच्या, जोराने वाहणाऱ्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात मजेत राहतो. गोल गोटे, त्यांवर शेवाळ, आणि टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत ढकलले जाणारे पाणी. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे टाकीचे पाणी बत्तीस अंशांवर जाते, तिथे चिलरशिवाय हा मासा ठेवू नये. पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, त्याहून जास्त नाही.

आता क्लाऊन लोचविषयी थोडे विस्ताराने, कारण सर्वांत जास्त मन याच माशावर जाते आणि सर्वांत जास्त हाल याचेच होतात. क्रोमोबोटिया मॅक्रॅकॅन्थस हा सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला मासा. बटाव्हियात नोकरीला असलेल्या पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये त्याचे वर्णन केले. नारिंगी अंग, तीन रुंद काळे पट्टे, लाल पर. दुकानात तो दीड-दोन इंचांचा असतो आणि दोन फुटी टाकीत शोभून दिसतो. तो वीस वर्षांहून अधिक जगतो आणि फूटभर वाढू शकतो. एकटा राहिला तर कोपऱ्यात दडून बसतो, दोन असले तर एक दुसऱ्याला छळतो. पाच-सहा असले की मग खरा मासा दिसतो: नळीत एकमेकांवर रचून झोपणे, कुशीवर आडवे पडून मेल्यासारखे सोंग करणे, खायला घातले की टकटक असा आवाज करणे. आवाज बंद काचेतूनही खोलीत ऐकू येतो. पण फूटभर वाढणाऱ्या सहा माशांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते, म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी आणि काच, दगड, स्टँड धरून पाऊण टनाहून बरेच जास्त वजन. पहिल्या मजल्याच्या वरच्या फ्लॅटमध्ये ते कुठल्या भिंतीशी ठेवायचे, याचा विचार मासा घेण्याआधी व्हायला हवा. ज्यांना एवढी जागा नाही, त्यांनी क्लाऊन लोच घेऊ नये. हे मी सौम्य करून सांगू शकत नाही.

जागा बेताची असेल तर तीन-चार फुटी टाकीत झेब्रा, योयो किंवा दोन इंचांचा अंबास्ताइया सिड्थिमुंकी छान राहतात. योयो जरा दांडगट असतो. लांब शेपटीचे गप्पी आणि एंजल त्याच्या सोबतीला नकोत. झेब्रा मवाळ. पण मवाळ असो वा दांडगा, बोटिया नेहमी पाच-सहाच्या कळपात ठेवावा. त्यांच्यात पायरी ठरण्यासाठी चकमकी होतात, आणि भांडताना अंगाचा रंग एकदम धुरकट होतो, पट्टे पुसल्यासारखे होतात. नवखा माणूस ते पाहून औषध टाकतो. अर्ध्या तासात रंग परत येतो, औषध मात्र पाण्यात राहते.

टाकी कशी असावी हे पुढच्या प्रकरणांत तपशिलाने आहे, इथे फक्त ज्यावर तडजोड करू नये ते सांगतो. तळाला बारीक, गोल कणांची नदीची वाळू, नीट धुतलेली. लोच मिशांनी तळ चाचपत खातात. टोकदार रंगीत खडीने मिशा झिजतात, मग त्यांना जखमा होतात आणि जंतुसंसर्ग होतो. टाकी मुरलेली असावी. फिल्टरमध्ये अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वसायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि लोच हे टाकी मुरवायला सोडण्याचे मासे नव्हेत. झाकण घट्ट हवे, कारण कुहली आणि डोजो लोच रात्री बोटभर फटीतून बाहेर पडतात आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात. फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज लावावा. लपायला प्रत्येकाला एकापेक्षा जास्त जागा द्याव्यात: पीव्हीसी पाइपचे तुकडे, बाहेर न टोचणारी लाकडे, कौलांचे तुकडे. ज्या माशाला लपायला जागा असते तोच बाहेर येतो, हे महिनाभरात दिसतेच. महापालिकेचे धरणाचे पाणी बहुतेक लोचना मानवते, फक्त अँटी-क्लोरीन घालून. बोअरचे जड पाणी असेल तर आधी तपासून घ्यावे आणि त्यात निभावणारी जात निवडावी. पाण्याशी झगडत राहण्यापेक्षा ते सोपे.

लोच हे गोगलगाय मारण्याचे यंत्र आहे, अशा समजुतीने ते पुष्कळदा घेतले जातात. बोटिया गोगलगाई खातात, हे खरे. पाहण्यासारखेही असते. योयो शंखाभोवती एक फेरी मारतो, ओठांनी त्याला उलटवतो, मांसल पाय बाहेर यायची वाट पाहतो आणि तो आला की पकडून झटके देत सगळा प्राणी ओढून काढतो. वाळूवर रिकामा शंख उरतो. पण गोगलगाई वाढतात त्या जास्तीच्या खाण्यामुळे. खाणे कमी केले की त्याही आटोक्यात येतात, आणि महिनाभराच्या त्रासासाठी पंधरा वर्षांचा सोबती आणणे हा हिशेब बरोबर नाही. लोचचा रोजचा आहार म्हणजे तळाला बसणाऱ्या गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म, उकडलेली काकडी किंवा दुधी. तो दिवा मालवल्यावर द्यावा. उजेडात टाकले तर वरच्या माशांचे पोट भरते आणि लोच उपाशी राहतात.

उपाशी राहणे आणि कृश होणे यांत फरक आहे, तो ओळखावा लागतो. खाणे-पिणे नीट चालू असूनही लोचची पाठ सुरीच्या धारेसारखी होत गेली, तर पोटातल्या कृमींचा संशय घ्यावा. रानातून पकडलेल्या माशांत हे वारंवार दिसते, म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याची सवय लावून घ्यावी. लोचचा खरा वैरी मात्र पांढरे ठिपके. इक्थिओफ्थिरियस हा सूक्ष्म परजीवी माशाच्या कातडीत वाढतो, पिकला की गळून तळाशी पडतो, तिथे गाठ करून विभागतो आणि शेकडो नवे जीव पाण्यात सोडतो. तळाशी राहणारा मासा त्यांच्या वाटेत पहिला. लोचचे खवले इतके बारीक असतात की पुष्कळ जण त्याला बिनखवल्यांचा समजतात, आणि या पातळ कातडीमुळे औषधही त्याला जास्त बाधते. औषध मारते ते फक्त पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या अवस्थेला. म्हणून तापमान हळूहळू तीस अंशांपर्यंत वाढवून परजीवीचे चक्र वेगाने पुरे होऊ द्यायचे. बोटिया ही उष्णता सोसतात, गार पाण्यातल्या सेवेलियाला ती सोसवणार नाही. मॅलकाइट ग्रीनसारखे औषध बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करायचे, आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही काही दिवस चालू ठेवायचे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा एअर पंप दुप्पट चालवावा. ठिपके गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध थांबवणे, हे दुखणे उलटण्याचे सर्वांत मोठे कारण.

आता पुन्हा व्यापाराकडे. २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी सीमाशुल्काच्या नोंदी चाळून दाखवून दिले, की २००५ ते २०१२ या काळात देशातून धोक्यातल्या जातींचे पंधरा लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले शोभेचे मासे निर्यात झाले. त्यांत झेब्रा लोच तीन लाखांहून जास्त होते. धरणे, वाळूउपसा आणि साखर कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी यांनी आधीच जेरीस आलेल्या नद्यांतून ही उचल होते. दोष सगळा शौकिनांचा नाही, पण त्यातला आपला वाटा आपण मोजायला हवा. सिड्थिमुंकीची गोष्ट यात बोलकी आहे. थायलंडच्या नद्यांतून तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि आज दुकानात दिसणारे मासे मुख्यतः शेततळ्यांवर संप्रेरकांची इंजेक्शने देऊन वाढवलेले असतात. झेब्रा लोचची पैदास असा व्यवसाय म्हणून आपल्याकडे उभी राहिली तर पंचगंगेवरचा भार उतरेल. तोपर्यंत ज्याने तो घ्यायचा ठरवलाच आहे त्याने एकदाच सहा घ्यावेत, दहा वर्षे सांभाळावेत, आणि दर सहा महिन्यांनी मेलेल्यांच्या जागी नवे भरू नयेत. ओढ्यातून स्वतः पकडून आणण्याच्या मोहालाही आवर घालावा. आणि टाकीतला मासा, देशी असला तरी, नदीत सोडू नये. तो कुठल्या खोऱ्यातला हे माहीत नसते, आणि त्याच्या अंगावरचे रोग नदीला मिळतात. पूर्व आशियातला डोजो लोच टाक्यांमधून आणि आमिषाच्या बादल्यांमधून सुटून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात रुजला आहे. आतड्याने हवेतला प्राणवायू घेणारा, चिखलात तग धरणारा हा मासा एकदा वसला की निघत नाही.

बोटिया घरच्या टाकीत क्वचितच अंडी घालतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी गार आणि मऊ होते, हवेचा दाब उतरतो, माद्यांची पोटे भरतात, कळप अस्वस्थ होतो, आणि बहुधा तिथेच सगळे थांबते. नेमके काय कमी पडते ते घरोघरच्या नोंदी एकत्र आल्या तर कळू शकेल, आणि झेब्रा लोचच्या बाबतीत त्या नोंदी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या शौकिनांइतक्या चांगल्या कोण ठेवू शकेल? पाऊस तोच, पाणी तेच. म्हणून शेवटच्या प्रकरणानंतर नोंदवहीचे कोरे पान जोडले आहे. तारीख, पाण्याचे तापमान, बाहेर पडलेला पाऊस, प्रत्येक माशाची लांबी, काय खाल्ले, कोण कोणाच्या मागे लागले, असे रकाने त्यात आहेत. सगळ्यांत वरचा रकाना मासा कोणत्या नदीतून किंवा कोणत्या तळ्यावरून आला याचा आहे. तो दुकानदाराला विचारून, मासा पिशवीत पडण्यापूर्वी भरायचा.